जनावरांच्या कुंपणाची तार पुन्हा पुन्हा ढिली पडते, काय करावं?

चराऊरान
नमस्कार मंडळी. गाई, वासरं आणि शेळ्या असा मिश्र कळप ज्या रानात चरतो त्याला पाच पदरी तारेचं कुंपण आहे. वरची आणि खालची तार काटेरी, मधल्या तीन साध्या. मधे लाकडी डांब, कोपऱ्यांना लोखंडी अँगल. लांब बाजू दीडशे मीटरची, आखूड बाजू तीस मीटरची. तार ताणून घेतली की थोडे दिवस नीट राहते, मग परत झोळ येतो. आखूड बाजू तर फारच लवकर ढिली होते, याचं मला नवल वाटतं. गाई वरच्या तारेवर मान टाकून पलीकडचं गवत खातात, आणि करडं खालून सटकतात.

विचारायचं ते असं: तार नेमकी किती ताणावी आणि ते मोजायचं कसं? मधे रॅचेट (तार गुंडाळून ताणायची दातेरी फिरकी) बसवले तर फरक पडेल का? की सगळं काढून जाळीच लावावी? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

तारपक्कड
तारेला हात लावायच्या आधी कोपऱ्यावर जा. कुंपण ढिलं पडलं की सगळे तारेला दोष देतात, पण बहुतेक वेळा तार आहे तेवढीच असते, कोपऱ्याचा खांब सरकलेला असतो.

खांबाला ओळंबा लावून बघा. मग बुडाशी बसून माती बघा. कुंपणाच्या उलट बाजूला खांब आणि माती यांच्यामधे बोट जाईल एवढी फट दिसली आणि कुंपणाकडच्या बाजूला माती दाबून वर आलेली असली, तर खांब ओढला जातोय. पाच तारा, प्रत्येकीत शंभर किलोचा ताण धरला तरी अर्धा टन ओढ झाली, आणि ती रात्रंदिवस चालूच असते.

आखूड बाजू आधी का ढिली होते त्याचंही उत्तर यातच आहे. २.५ मिलिमीटरची तार शंभर किलोने ताणली की तीस मीटरमधे ती जेमतेम ३ सेंटिमीटर लांबते. कोपरा २ सेंटिमीटर सरकला की दोन तृतीयांश ताण गेला. दीडशे मीटरच्या ओळीत तीच तार १५ सेंटिमीटर लांबलेली असते, त्यामुळे तेवढ्याच सरकण्याने तिचा थोडाच ताण जातो. तेव्हा आखूड बाजूचे खांब लांब बाजूपेक्षाही पक्के हवेत. लोक नेमकं उलटं करतात, आखूड बाजू आहे म्हणून तिथे हलका खांब रोवतात.

आता मजबुती. अँगलला टेका दिला असेल तर तो किती उभा आहे ते बघा. टेका लांब आणि पसरट हवा. उभट टेका तारेच्या ओढीने खांबाला जमिनीतून वर उचलतो, दर पावसात थोडा थोडा. टेक्याचं दुसरं टोक नुसत्या मातीत नको, खाली सपाट दगड किंवा काँक्रीट हवं, नाहीतर ते रुतत जातं.

माझं मत विचाराल तर कोपऱ्याला जोडखांब करा. कोपऱ्याचा खांब, कुंपणाच्या ओळीत त्याच्यापासून कुंपणाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर दुसरा खांब, आणि दोघांच्या माथ्याजवळ आडवा दांडा. मग दुहेरी तार तिरपी बांधायची: कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्या खांबाच्या माथ्यापर्यंत. मधे काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी दांड्याला अडकवून ठेवायची. ही तिरपी तार उलट दिशेने बांधलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. तशी बांधली तर ती नुसती लोंबकळते, ओढ पेलत नाही. कोपऱ्यावर दोन दिशांना कुंपण जातं, म्हणून दोन्ही दिशांना एकेक जोडखांब हवा.

खांब जमिनीत तीन ते चार फूट. खड्डा भरताना सगळी माती एकदम लोटू नका. वीतभर थर, त्यावर धुमस, मग पुढचा थर. वर बुडाशी मातीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचत नाही.

चराऊरान
तारपक्कड, फट आहे! दोन कोपऱ्यांवर तर स्पष्ट दिसतेय, आणि टेकेही बरेच उभट आहेत. आखूड बाजूचा हिशेब वाचून डोक्यात प्रकाश पडला. मनापासून आभार. पण ताण मोजायचा कसा? हाताने दाबून मला काही अंदाज येत नाही.

बांधावरून
हाताने कुणालाच येत नाही. एक फळी घ्या, तिच्यावर बरोबर एक मीटर अंतराने दोन खिळे ठोका. मध्यावर खूण करा, खिळ्यांच्या रेषेपासून १२.५ मिलिमीटर आत. फळी तारेला अशी लावा की तार दोन्ही खिळ्यांना टेकेल. मग मध्यावर स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून तार त्या खुणेपर्यंत ओढा. काट्यावर जेवढे किलो येतील त्याला २० ने गुणा, तेवढा तारेतला ताण. काटा साडेपाच किलो दाखवत असेल तर तार एकशे दहा किलोला आहे. डांबाला अगदी खेटून मोजू नका, दोन डांबांच्या मधे मोजा.

हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ओढ पेलणाऱ्या कडक तारेला शंभर-एकशे दहा किलो भरपूर झाले. त्याच्यावर नेऊन फायदा काही नाही, कोपऱ्यावरचा भार तेवढा वाढतो.

ऊन-थंडीचंही ध्यानात असू द्या. तापमान ३० अंशांनी उतरलं की १०० मीटर पोलादी तार साडेतीन सेंटिमीटरच्या वर आखडू बघते. टोकं बांधलेली असल्यामुळे तिला आखडता येत नाही, मग ताण वाढतो. २.५ मिलिमीटरच्या तारेत ही वाढ ३५ किलोच्या आसपास येते, ओळ लांब असो की आखूड. म्हणजे भर दुपारी एकशे दहाला ताणलेली तार थंडीतल्या पहाटे दीडशेच्या घरात जाईल आणि कोपऱ्याला ओढेल. आणि पहाटे ताणलेली दुपारी सैल वाटली तर लगेच रॅचेट फिरवायला धावू नका. मोजायचं तर दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच वेळेला मोजा.

डोंगरउतार
वरचे आकडे हाय टेन्साइलचे आहेत हे ठळकपणे सांगायला हवं. साधी मऊ तार असेल तर तिला एवढं ताणू नका. ओळखायची सोपी रीत: तुकडा हाताने वाकवून सोडा. मऊ तार वाकलेलीच राहते, हाय टेन्साइल झटकन मागे येते. मऊ तार एकदा हद्दीपलीकडे ताणली की कायमची लांबते आणि बारीक होते. दर महिन्याला ती ताणत राहणं म्हणजे तिला हळूहळू मारणं. तिला अगदी सरळ दिसेल इतकंच ओढा, आणि आधार हवा तिथे डांब जवळ घ्या.

रॅचेटबद्दल विचारलंत. चांगली वस्तू आहे, पण आधी डांबांवरचे यू-खिळे बघा. खिळा पूर्ण ठोकून तार डांबात चिणली असेल तर रॅचेट फक्त त्याच्या शेजारचा एक गाळा ताणतो, पुढे ओढ पोचतच नाही. मधल्या डांबांवर तार खिळ्यातून सरकली पाहिजे. पक्की बांधायची ती फक्त टोकाच्या खांबांना. खिळा थोडा तिरका फिरवून ठोका, म्हणजे त्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत जात नाहीत आणि डांब चिरत नाही. रॅचेट ओळीच्या साधारण मध्यावर बसवा. टोकाला बसवला तर सगळ्या डांबांचं घर्षण एकाच बाजूने ओढून काढावं लागतं.

काटेरी तारेला हे लागू नाही, काटे खिळ्यात अडकतात. ती आधी टोकाकडून ताणायची आणि मगच डांबांना लावायची.

आणि तार डांबाच्या जनावरांकडच्या बाजूला आहे ना? गाय टेकली की तार डांबावर दाबली जाते. बाहेरच्या बाजूला असेल तर प्रत्येक धक्क्याने खिळा उपटला जातो. वळणावर मात्र तार नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगाने घ्या.

शेळीराखी
सगळं बरोबर, पण करडं केवळ ताणाने थांबत नाहीत. तार कितीही ताठ असली तरी शेळी दोन तारांमधे डोकं घालते, खांदा रेटते आणि तारा फाकवते. दोन डांबांच्या मधे उभ्या काड्या बांधा, सगळ्या तारांना धरून. काडी जमिनीत रोवायची नाही, तारांवरच टांगलेली राहू द्यायची. पाचही तारा एकमेकींना धरून राहतात आणि एकटी कुठलीच फाकत नाही.

आणि खालची जमीन चालत जाऊन बघा. तार सरळ असते, जमीन नसते. जिथे ओघळ किंवा खोलगट आहे तिथे खाली फट राहते आणि करडांना ती सगळ्यात आधी सापडते. शिवाय खोलगटातल्या डांबाला ताणलेली तार वर उचलत असते, म्हणून तो डांब बाकीच्यांपेक्षा खोल गाडावा लागतो.

जाळी घ्यायचीच झाली तर खालच्या भागापुरती घ्या. शिंगं असलेल्या शेळ्यांना १५ सेंटिमीटरचे चौकोन फार वाईट. डोकं आत जातं, शिंगांमुळे बाहेर येत नाही, आणि कुणाचं लक्ष नसलं तर शेळी जिवाला मुकते. १० सेंटिमीटरचे चौकोन तरी घ्या, नाहीतर उभ्या तारा चांगल्या ३० सेंटिमीटर अंतराच्या, म्हणजे आत गेलेलं डोकं बाहेर येतं. गाठींच्या जाळीच्या आडव्या तारांना बारीक लाटा असतात. ताणताना त्या एक तृतीयांश ते निम्म्या सपाट झाल्या की थांबा. पूर्ण सपाट केल्या तर थंडी-उन्हाला सांभाळून घेणारी लवचीकता गेली.

विजेचीतार
गाई मान टाकतात त्यावर मी एकच उपाय सुचवेन: आतल्या बाजूला, गाईच्या नाकाच्या उंचीवर एक साधी तार इन्सुलेटरवर, आणि तिला कुंपणाचं झटका यंत्र. गाई एकदा शिकल्या की कुंपणाला टेकतच नाहीत, आणि मग बाकीच्या तारांचं आयुष्यही वाढतं. गाईंना २ ते ३ हजार व्होल्ट पुरतात, शेळ्यांना ४ हजारांच्या आसपास लागतात.

काटेरी तारेत हा प्रवाह कधीही सोडू नका. अडकलेलं जनावर, किंवा माणूस, सुटू शकत नाही आणि झटके बसतच राहतात. घरातल्या विजेची जोडणी थेट तारेला करणं तर जीवघेणं आहे. यंत्र क्षणभराचा झटका देऊन थांबतं, घरची वीज थांबत नाही.

झटका कमी पडला की लोक यंत्राला नावं ठेवतात, दोष बहुधा अर्थिंगचा, म्हणजे यंत्राच्या जमिनीशी असलेल्या जोडणीचा असतो. निदान तीन सळया, प्रत्येकी सहा फूट, एकमेकींपासून तीन मीटरवर, ओल टिकते अशा जागी. जस्ताच्या तारेला तांब्याची तार जोडू नका, जोडाशी गंज धरतो. तारेला गवत टेकू देऊ नका.

तारपक्कड
विजेला माझा विरोध नाही, पण कोपरे हलते ठेवून वर वीज लावू नका. ढिली तार झुलून गवताला किंवा खालच्या तारेला टेकते आणि झटका तिथेच जिरतो. क्रम तोच ठेवा: कोपरे, खिळे, ताण, आणि मग वीज.

गोठ्याचा डॉक्टर
पशुवैद्य म्हणून एक कळकळीची विनंती. तार बदलताना कापलेला प्रत्येक तुकडा उचला. गाय गवत चावून निवडून खात नाही, घास गिळून टाकते, आणि तारेचा तुकडा तिच्या जाळीदार पोटात जाऊन बसतो. ते पोट हृदयाच्या अगदी मागे असतं. आखडलेलं पोट तुकड्याला पुढे ढकलतं, तो भिंत भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचतो. गाय पाठ कमानदार करून उभी राहते, चारा सोडते, उतार उतरताना कण्हते, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. काम करताना कमरेला डबा बांधा, तुकडा कापला की डब्यात. काम झाल्यावर दोरीला चुंबक बांधून ती पट्टी फिरून काढा.

डांब लाकडी आहेत म्हणून आणखी एक: वीज पडली तर तारेतून ती लांबवर जाते आणि कुंपणाशी उभी असलेली जनावरं दगावतात. दर ४५-५० मीटरला एक लोखंडी खांब किंवा सळई जमिनीत ठोकून सगळ्या साध्या-काटेरी तारा तिला जोडून ठेवा. झटक्याची तार मात्र यात जोडायची नाही.

चराऊरान
तारेच्या तुकड्यांचं मला ठाऊकच नव्हतं. उद्यापासून डबा कमरेला. आधी आखूड बाजूचे दोन कोपरे उकरून जोडखांब करतो, मग खिळे सैल करतो. शेवटचं विचारतो: खालची काटेरी तार बरीच तांबूस झालीय. ताणावी का?

डोंगरउतार
तांबूस म्हणजे जस्त संपलं आणि लोखंड उघडं पडलं. नखाने खरवडून बघा. नुसता रंग निघाला आणि खाली तार गुळगुळीत लागली तर काही काळ चालेल, पण तिला जास्त ताण देऊ नका. पापुद्रे निघाले, खड्डे लागले किंवा पिळातला एक पदर तुटलेला दिसला तर बदला. अशी तार ताणताना तुटते आणि माणसाच्या अंगावर येते. तुम्ही उभे असाल तर कधीही तारेच्या ओळीत नको, डांबाच्या आडोशाला. जाड चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काटेरी तार ट्रॅक्टरला बांधून ओढायची तर अजिबात नाही, तुटायच्या आधी ती कुठलीच सूचना देत नाही.

नवी लावाल तेव्हा तिथे साधीच घ्या, जस्ताचा जाड थर असलेली. खालच्या काटेरी तारेने शेळ्यांच्या सडांना आणि करडांच्या पाठीला जखमा होतात, आणि साधी तार सरकणारी असल्यामुळे रॅचेटने तिचा ताण पुढेही राखता येतो.