‘माईक’ लिहिणारे अडाणी नाहीत

वेलांटी: “एम-आय-के-ई हे अडाण्यांचं स्पेलिंग, खरं एम-आय-सी” ही पोस्ट वाचून राहवलं नाही. के-ई वालं रूप इंग्रजीत १९२०च्या दशकापासून छापलं जातंय, सी वालं १९६१च्या आसपास दिसू लागलं. बायसिकलचं बाइक झालं तसं मायक्रोफोनचं माईक. शेवटी नुसता सी ठेवलात तर नवखा ‘मिक’च वाचणार.

साउंडवाला: वीस वर्षं साउंड मिक्सरवर बसतोय. हाताखालून गेलेल्या मिक्सरवर एम-आय-सीच होतं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेनेही २०१० साली आपल्या लेखननियमांत तेच घेतलं. जुनं तेच खरं कशावरून?

वेलांटी: अहो, बटणाशेजारी जागा नसते म्हणून ते संक्षेप! त्याला क्रियापद करून बघा, भूतकाळात सी आणि डीच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी घुसवावी लागते.

मास्तर: इंग्रजीवर कसले भांडता, मराठीत काय गोंधळ आहे ते बघा. “माईकचा आवाज कमी करा” म्हणताना बोट कर्ण्याकडे! आणि ध्वनिक्षेपक? क्षेप म्हणजे फेकणं. आवाज फेकतो तो कर्णा. माईक आवाज घेतो, म्हणून तो ध्वनिग्राहक. एकदा विद्यार्थ्याने बरोबर लिहिलं होतं आणि मी उत्तरपत्रिकेत त्याचा गुण कापला. अजून सलतं.

साउंडवाला: ध्वनिग्राहक कोण म्हणतं हो? माझ्या पोराला म्हणालो, “ध्वनिग्राहक दे,” तर तो हेडफोन घेऊन आला.

मास्तर: मग पोराला शिकवा! शब्द वापरायचे नाहीत आणि मराठी मरतेय म्हणून रडायचं.

साउंडवाला: माझ्या पोरावर जाऊ नका. जुन्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर बोलायलाही आणि ऐकायलाही असायचा. आवाजाने आतला पडदा हलला की तारेत वीज, तारेत वीज आली की पडदा हलतो. आता सांगा, तो ग्राहक की क्षेपक?

मास्तर: ...त्या डबीपुरतं मान्य. मंचावरच्या माईकला क्षेपक म्हणणं चूकच.

वेलांटी: मायक्रोफोन हा शब्दही आधी दुसऱ्याच वस्तूचा होता. १८२७ साली व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बारीक आवाज ऐकायच्या साधनाला तो वापरला, त्यात वीज नव्हती. ह्यूज या संशोधकाचा विजेवर चालणारा कार्बन मायक्रोफोन १८७८चा. ग्रीकमध्ये मिक्रोस म्हणजे लहान, फोने म्हणजे आवाज.

साउंडवाला: बरं, के-ई आधी आलं हे मानलं. माझ्या केबलींवरच्या चिठ्ठ्या मात्र एम-आय-सीच राहतील.

वेलांटी: राहू देत. के-ई लिहिणाऱ्याला अडाणी म्हणू नका, एवढंच.