स्टॅक केला की धूमकेतू लांबोळका होतो, शेपूट तर गायबच

कृत्तिका६:
२०० मिमी लेन्स एफ/४ वर, एपीएस-सी कॅमेरा (पिक्सेल ३.९ मायक्रॉन), आयएसओ १६००, ट्रॅकरवर ६० सेकंदांच्या ४५ रॉ फ्रेम. सुट्या फ्रेममध्ये तारेही गोल आणि धूमकेतूही. स्टॅक केल्यावर (सगळ्या फ्रेम जुळवून एकत्र केल्यावर) तारे झकास, धूमकेतूचा मात्र पट्टा. शिवाय यादीत तो ६ व्या प्रतीचा (तेजाचं माप, आकडा मोठा तितका मंद) आहे. त्या प्रतीचा तारा १०×५० दुर्बिणीत सहज दिसतो, हा जेमतेम जाणवतो. शेपूट तर नसल्यातच जमा. ट्रॅकर चुकतोय की एक्स्पोजर कमी पडतंय?

ध्रुवमत्स्य:
ट्रॅकरला दोष देऊ नका, तो ताऱ्यांमागे जातोय आणि त्याचं कामच ते. धूमकेतू ताऱ्यांमधून स्वतःच्या चालीने सरकतो.

तुमचा स्केल काढा: २०६ × ३.९ ÷ २०० = पिक्सेलला साधारण ४ आर्कसेकंद (अंशाचा ६० वा भाग आर्कमिनिट, त्याचा ६० वा आर्कसेकंद). धूमकेतूचा वेग एफेमेरिसमध्ये (रोजच्या स्थानांच्या तक्त्यात) मिळतो. तो मिनिटाला ४ आर्कसेकंद धरला, तर ६० सेकंदांत एकच पिक्सेल, म्हणून सुटी फ्रेम गोल दिसते. ४५ मिनिटांत मात्र ४५ पिक्सेल. तोच तुमचा पट्टा. एक्स्पोजर वाढवलंत तर सुटी फ्रेमही बिघडेल.

डीपस्कायस्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली, शेवटची आणि रेफरन्स (जिच्यावर बाकीच्या जुळवतात ती) अशा तीन फ्रेममध्ये धूमकेतूच्या केंद्रावर खूण करून सेव्ह करा. मधल्या जागा तो फ्रेमच्या वेळेवरून काढतो. म्हणून फाइलमधली वेळ शाबूत हवी. कॉपी-कन्व्हर्ट करताना ती बदलली की सगळं फसतं. मग कॉमेट टॅबमध्ये 'तारे + धूमकेतू' निवडा. खूण कोम्याच्या (केंद्राभोवतीच्या धूसर गोळ्याच्या) मधोमध नव्हे, सर्वांत तेजस्वी ठिपक्यावर करायची. कोमा क्वचितच सममित असतो.

अंधारयात्री:
प्रतीबद्दल. यादीतली प्रत म्हणजे सगळा उजेड एका बिंदूत गोळा केला तर किती, हे. ताऱ्याचा तो असतोच गोळा, धूमकेतूचा पसरलेला. १० आर्कमिनिट व्यासाचा कोमा म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार चौरस आर्कसेकंद. त्यावर ६ वी प्रत पसरली की प्रत्येक चौरस आर्कसेकंदाच्या वाट्याला सरासरी १९.६ वी प्रत येते. शहराचं आकाश तेवढ्याच जागेत १८.५ असेल तर धूमकेतूचा उजेड पार्श्वभूमीच्या जेमतेम ३६ टक्के. २१.५ च्या अंधाऱ्या आकाशात तोच पार्श्वभूमीच्या पावणेसहापट! शेपूट याहून कितीतरी फिकी. थोडक्यात, कॅमेऱ्यापेक्षा जागा बदला.

दुर्बिणीतून बघताना डोळे अंधाराला २०-३० मिनिटं सरावू द्या आणि तिरक्या नजरेने बघा. दुर्बीण हलकेच हलवली की पुसट डाग पटकन जाणवतो. प्रत स्वतः ठरवायची असेल तर कोम्याचा आकार आणि तेज लक्षात ठेवा, मग आसपासचे माहीत प्रतीचे तारे फोकसबाहेर नेऊन तेवढेच फुगवा आणि तुलना करा. एक तारा त्याहून उजळ, एक मंद, असे दोन तरी हवेत, आणि जवळपास सारख्याच उंचीवरचे. क्षितिजाजवळ हवा बराच उजेड खाते. पहाटे सूर्याजवळचा धूमकेतू बघत असाल तर सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी दुर्बीण बाजूला ठेवा. इथे सवलत नाही.

कृत्तिका६:
कॉमेट मोड चालला, धूमकेतू गोल झाला! पण १० फ्रेमच्या एका दुसऱ्या संचात ताऱ्यांच्या रेघा राहिल्या. आणि ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा असमान उजेड) काढला की उरलीसुरली शेपूटही जाते.

ध्रुवमत्स्य:
रेघा राहणारच. धूमकेतूवर जुळवलं की तारा दर फ्रेमला एक पिक्सेल सरकतो आणि तो स्वतः ३-४ पिक्सेल रुंद. म्हणजे एका जागी तो १० पैकी ३-४ फ्रेममध्ये हजर, सिग्मा क्लिपिंगला (सरासरीपासून फार दूरची मूल्यं कापणाऱ्या पद्धतीला) तो अपवाद वाटतच नाही. ४५ मध्ये ३-४ असेल तर सहज कापला जातो. तेव्हा फ्रेम वाढवा, किंवा तेवढ्याच फ्रेम जास्त वेळात विखरून घ्या.

शेपूट तुमचं सॉफ्टवेअर खातंय. त्याच्या लेखी लांबट फिकट उजेड म्हणजे प्रकाशप्रदूषण. नमुन्याचे ठिपके हाताने टाका, कोमा आणि शेपटीच्या दिशेला एकही नको, आणि पहिल्या घाताचा (सरळ, एकसारखा) उतारच वजा करा. दिशा माहीत असते: वायूची निळसर शेपूट जवळपास सूर्याच्या बरोबर उलट, धुळीची पिवळट थोडी वळलेली.

फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) घेतले नसतील तर आधी ते. २०-३० पुरेत, फोकस आणि ॲपर्चर तेच ठेवून. कोपऱ्यांतला काळोख राहिला की ग्रेडियंटचा हिशेब चुकतो.

अंधारयात्री:
एक राहिलं. हिरवा रंग करडा झाला तर पार्श्वभूमी न्यूट्रल (रंगहीन) करताना कोमा निवडीत आलाय का बघा. तो हिरवा द्विअणू कार्बनचा, खराच असतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमधलं 'हिरवा नॉइज काढा' बटणही तोच घालवतं, त्याला हात लावू नका.