मदत हवी आहे: फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याची तपासणी कोण करतं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव तापीकाठी, केळीच्या पट्ट्यात. जवळच्या बाजाराच्या गावातले एक डॉक्टर तीस वर्षांपासून आमच्या घरचे. आजीच्या शेवटच्या दिवसांत रात्री दोनला मोटरसायकलवर आले होते, पैसे घेतले नव्हते. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी त्यांना लुटारू ठरवेल.

मागच्या आठवड्यात हाताला कोयता लागला म्हणून टीटी घ्यायला गेलो. कंपाउंडरने फ्रीज उघडला. घरगुती, एका दाराचा. वर बर्फाचा थर, त्याला टेकून टीटीचे अँपूल, खाली दुधाची पिशवी आणि कोणाचा तरी डबा. मी केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला आहे. आमच्याकडे सोळा ते अठरा डिग्री आहे का ते दर चार तासांनी वहीत लिहावं लागतं, जरा चुकलं की शेठचा फोन. आणि माणसाला टोचायच्या औषधाच्या फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर नाही!

ताकदीच्या इंजेक्शनची ती लाल बाटली असते ना, तिच्या रबरी बुचात एक सुई रोवूनच ठेवलेली. येईल त्याच्यासाठी तिच्यातूनच औषध ओढायचं. सिरिंज नवी होती, टोचायची सुईही नवी, ते मी पाहिलं. वापरलेल्या सुया तोंड कापलेल्या सलाईनच्या बाटलीत. ती भरल्यावर कुठे जाते? कंपाउंडर म्हणाला, ''घंटागाडी येते ना.''

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, ''त्याना हातले गुन शे.'' विषय संपला.

अशा दवाखान्यात तपासायला कोणी येतं का? मला तक्रार ठोकायची नाही. दवाखाना बंद पडला तर रात्रीबेरात्री आम्ही जायचं कुठे? पण त्यांना सांगायचं कसं, तेही कळत नाही.

पांझराताई: भाऊ, मी निवृत्त आरोग्यसेविका. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दोन ते आठ डिग्री. लोकांना वाटतं लस गरमीनेच खराब होते. टीटी गोठली तरी वाया जाते, आणि नंतर वितळली की नुसती पाहून कळतही नाही. बर्फाला टेकलेले अँपूल वापरू नका म्हणावं. बुचातल्या सुईचं तर विचारूच नका, तिच्यातून जंतूंना बाटलीत जायला उघडी वाट मिळते. दर वेळी बूच स्पिरिटने पुसायचं, नवी सुई घालायची, काढायची.

सातपुडा_६२: तपासणीचं म्हणाल तर कॉट टाकून रुग्ण ठेवत असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागतो. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची आहे. नुसती ओपीडी असेल तर तो कायदा नाही. केंद्राचा २०१० चा दवाखान्यांच्या नोंदणीचा, क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. म्हणजे छोट्या दवाखान्याचा फ्रीज उघडून बघायला ठरवून कोणी येत नाही. कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत: सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून परवानगी घ्यावी लागते आणि कचरा अधिकृत गाडीलाच द्यायचा. घंटागाडीत अजिबात नाही. ती बाटली एखाद्या सफाई कामगाराच्या हातात घुसेल, तेव्हा डॉक्टरांचा हातगुण काय कामाचा?

चाळीसगावचा_पाहुणा: मावसबहीण इंग्लंडात आहे. तिच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात सीक्यूसी नावाच्या सरकारी संस्थेचा शेरा लावलेला आहे. तिथे तो लावावाच लागतो. पाच गोष्टी बघतात: सुरक्षित आहे का, उपचार लागू पडतात का, माणुसकीने वागतात का, गरजेला धावतात का, कारभार नीट आहे का. त्यावर उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, अपुरा असा शेरा, आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. तुमचे डॉक्टर माणुसकीत पहिले येतील, सुरक्षिततेत गचकतील.

वरणबट्टी: शेरा घेऊन चाटायचा का? रात्री दोन वाजता तो इन्स्पेक्टर येणार आहे का मोटरसायकलवर? अशांच्या मागे लागाल तर खेड्यात डॉक्टर उरणार नाही.

पांझराताई: मागे लागा कोण म्हणतंय, दादा? रात्री येतात म्हणून बुचात सुई चालते का? धागेवाले भाऊ, गर्दी नसताना एकटे जा. कंपाउंडरसमोर बोलू नका.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. दुपारी गेलो होतो, सोबत फ्रीजचा थर्मामीटर नेला. डॉक्टर आधी हसले, ''आता तू मला शिकवणार?'' मग त्यांनीच तो खालच्या कप्प्यात ठेवला. थोड्या वेळाने उघडून पाहिलं तर अकरा. काही बोलले नाहीत, डबा नि दूध बाहेर काढायला लावलं, बर्फाजवळचे अँपूल बाजूला ठेवले. सुईचं ऐकल्यावर कंपाउंडरवर ओरडले. मला वाईट वाटलं, कारण सवय त्यांच्याच डोळ्यांदेखत लागलेली. कचऱ्याचं म्हणाले, गाडी आधी यायची, दोन-चार दवाखान्यांसाठी इतकं लांब परवडत नाही म्हणून बंद झाली.

तर आता प्रश्न एवढाच उरला: रावेर-यावलकडच्या छोट्या दवाखान्यांचा कचरा सध्या कोणाची गाडी नेते, आणि चार-पाच डॉक्टरांनी मिळून बोलावली तर येते का? कोणाकडे बोलावली असेल तर सांगा. डॉक्टर म्हणालेत, बाकीच्यांना फोन ते करतील.