मदत हवी आहे: नसबंदीनंतर कुत्री शांत बसतच नाही
आमच्या दीड वर्षाच्या इंडी (देशी) कुत्रीचं परवा नसबंदीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी १० ते १४ दिवस उड्या, जिने, पळापळ सगळं बंद सांगितलंय पण ही बेल वाजली की सोफ्यावरून थेट दारात, पोटाला टाके आहेत हे तिच्या गावीही नाही. टाके कोरडे आहेत, सूज नाही, खातेय नीट. कोन (टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती शंकूसारखी कॉलर) घातला की भिंतींना धडकते म्हणून जुना टीशर्ट शेपटीकडे गाठ मारून घातलाय, तो चालतोय. शी-शूला लीशवरच नेतो, लिफ्ट आहे. क्रेटची (पिंजऱ्याची) सवय नाही, कोंडलं की बिल्डिंग डोक्यावर घेते. गोठवलेलं दही चाटायला देऊन झालं, पाच मिनिटांत फस्त. शांत राहायच्या गोळीचं डॉक्टरांना विचारणारच आहे, मनाने काही देणार नाही. तोपर्यंत वन बीएचकेमध्ये, घरी एकच माणूस असताना, न पळवता हिला दमवायचं कसं?