मदत हवी आहे: NBA बास्केटबॉलचं ट्रेड मशीन (खेळाडूंची अदलाबदल नियमात बसते का ते तपासणारी साइट) माझा ट्रेड घेत का नाही?

पहाटेचा_हूपर
दोन तास झाले, डोकं उठलंय. नर्किच आणि ॲलन द्यायचे, पेसर्सचा टर्नर घ्यायचा. पगार आपलाच जास्त जातोय, तरी मशीन लाल. ६ फेब्रुवारी २०२५ ला ट्रेडची मुदत संपते. काय चुकतंय?

आरती_ठाणे
कोणती टीम? मेसेज काय येतोय?

पहाटेचा_हूपर
फीनिक्स सन्स! नर्किच अजून कुठे आहे? मेसेजमध्ये एप्रन असं काहीतरी आहे.

कोल्हापुरी_पोस्ट
मशीन सोडा. केडीला (केविन ड्युरंट) विका, आत्ताच. ३६ वर्षांचा आहे, उन्हाळ्यात याहून कमीच मिळेल.

आरती_ठाणे
त्यांनी केडीबद्दल विचारलेलं नाही.
हूपर, सन्स दुसऱ्या एप्रनच्या, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या वरच्या रेषेच्या, वर आहेत. २०२४-२५ सीझनला ती रेषा १८ कोटी ८९ लाख डॉलरला आहे. तिच्या वरच्या टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा पगार घेता येत नाही, आणि दिल्यापेक्षा जास्त पगारही घेता येत नाही. टर्नर जवळपास २ कोटी, एकटा नर्किच १ कोटी ८१ लाख. म्हणजे ॲलन जोडल्याशिवाय पुरत नाही आणि जोडला की नियम मोडतो.

पहाटेचा_हूपर
मग १५ जानेवारीला निक रिचर्ड्स कसा आला?

आरती_ठाणे
एकटा ओकोगी गेला, सोबत सेकंड राउंडचे तीन पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचे हक्क). ओकोगीचा पगार रिचर्ड्सपेक्षा जास्त होता, म्हणून चाललं.

वरळी_८०
टर्नरचं नाव वाचून २०१९ आठवलं. ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स विरुद्ध किंग्ज, पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. मी वरच्या रांगेत होतो, घसा बसला होता. पेसर्सचा टी. जे. वॉरन त्याच उन्हाळ्यात सन्सकडून आलेला, आणि सन्सनी त्याच्या बदल्यात घेतलं काय, तर नुसते पैसे!

कोल्हापुरी_पोस्ट
बघा, सन्सना विकायचं कधी तेच कळत नाही. म्हणून म्हणतो, केडी.

आरती_ठाणे
केडी गेला तर बुकरने एकट्याने काय करायचं? अडचण ब्रॅडली बीलची आहे. ५ कोटींचा पगार आणि वर नो-ट्रेड क्लॉज. तो स्वतः हो म्हणेपर्यंत हलत नाही. मायामीच्या जिमी बटलरला सन्सकडे आणायचं घोडं तिथेच अडलंय.

नाशिक_रीबाउंड
सन्सच्या घरच्या मॅच आपल्याकडे बहुतेक सकाळी साडेसातला असतात. ऑफिस दहाचं असेल तर पूर्ण बघून होते.

पहाटेचा_हूपर
वेळ माहीत आहे हो, रोज बघतो. म्हणून तर जीव तुटतो. ६ जानेवारीला नर्किच आणि बील दोघांनाही बेंचवर बसवलं, तेव्हापासून सेंटरच (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) शोधतोय.
आरतीताई, ॲलन काढला. एकटा नर्किच देऊन १ कोटी ८१ लाखांच्या आतला माणूस घेतला की मशीन हिरवं. पण त्या पगारात टर्नरसारखं बाहेरून थ्री मारणारा आणि आत ब्लॉक करणारा कोण आहे? नावं द्या.

आरती_ठाणे
आधी सांगा, सोबत फर्स्ट राउंडचा पिक द्यायची तयारी आहे का? २०३१ चा जॅझ टीमला देऊन सन्सनी तीन आणलेत, पण ते तिन्ही खालच्या नंबरचे असणार. पिकशिवाय नर्किचचा पुढच्या वर्षीचा पगार कोणी अंगावर घेणार नाही.

पहाटेचा_हूपर
एक देईन. दोन नाही.