डकटेल आणि आपला नागपूरचा वर्धा रोड: मागचा पंख कामाचा की नुसता तोरा?

जुनीफियाट_धरमपेठ
काल फुटाळा तलावावर एक जुनी कॉन्टेसा उभी दिसली. डिकीवर इस्त्रीचा टेबल वाटावा एवढा पंख. मालक कौतुकानं सांगत होता, "हायवेला गाडी चिकटून राहते." माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या गाडीला मागचा पंख (स्पॉयलर) म्हणजे नवरदेवाच्या हातातली कट्यार. लँबोर्गिनी काउंटाशचंच घ्या. तिचा तो प्रसिद्ध पंख ऐच्छिक होता, आणि लावला की कमाल वेग ताशी सुमारे 16 किमीनं घटायचा. तरी लोक वरचे पैसे मोजून लावून घेत. पोस्टरवर छान दिसतो, बस.

मनीषनगर_ट्रॅक
काउंटाशच्या मापानं सगळ्यांना तोलू नका. पोर्शे 911 ची पाठ उतरती. हवा त्या उताराला धरून वेगानं खाली जाते, तिथला दाब घटतो आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. त्यात इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. भर वेगात वळणावर अशी गाडी मागून हलकी झाली, की गरकन फिरलीच समजा.

1972 मध्ये आलेल्या कॅरेरा आरएस 2.7 ला म्हणून इंजिनच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड दिली, तीच डकटेल. हवा तिच्यावर अडते, झाकणावर दाब साचतो, उचल कमी होते. लक्षात घ्या, उचल *कमी* होते. गाडी जमिनीत रुतत नाही. आणि एवढं करून कमाल वेग घटला नाही, थोडा वाढलाच. रेसिंगच्या नियमापुरत्या 500 गाड्या हव्या होत्या, बनवाव्या लागल्या 1500 च्या वर.

तर्रीवाला
भाऊ, चालवता कुठं पण? बर्डीवर गाडी दुसऱ्या गेअरच्या वर जाऊन नाही राहिली, अन् तुमी उचल अन् दाबाच्या गोष्टी करून राहिले.

जुनीफियाट_धरमपेठ
तर्रीवाल्यानं माझंच म्हणणं सांगितलं, फक्त हिशेब राहिला. हवेचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. ताशी 240 ला जेवढा, त्याचा 120 ला पाव हिस्सा आणि 60 ला सोळावा. समृद्धीवरही मर्यादा 120 चीच. म्हणजे नियमानं चालवणाऱ्याच्या वाट्याला फार तर चार आणे. त्यासाठी एवढा टेबल?

मनीषनगर_ट्रॅक
पाव हिस्सा म्हणजे शून्य नव्हे. पहिली ऑडी टीटी 1998 मध्ये बिनास्पॉयलरची आली, दिसायला देखणी, गोल पाठीची. जर्मनीत भर वेगात त्या गाड्यांचे अपघात झाले, माणसं गेली. कंपनीनं गाड्या परत बोलावून डिकीवर छोटासा स्पॉयलर बसवला.

जुनीफियाट_धरमपेठ
अर्धंच सांगितलं. सस्पेन्शनही बदललं आणि ईएसपीही दिलं, म्हणजे घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. सगळं पुण्य स्पॉयलरच्या खात्यात कशाला?

महाल_गॅरेज
मी डेंटिंग-पेंटिंगवाला. माझ्याकडे येणारे पंख फायबरचे, अन् बसवायचे कशानं, तर डबल टेप अन् दोन स्क्रू. खरंच त्यावर रेसगाडीएवढा जोर आला, तर स्क्रूसकट डिकीचा पत्रा फाटेल. मे महिन्यात एक गाडी आली, उन्हानं टेप सुटलेला, पंख ब्रेकलाइटच्या वायरवर लोंबकळत होता. पोरगा म्हणे, "काका, स्पीडनं निघाला." उभ्या गाडीचा निघाला होता बे!

दुसरं, आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. मागून दाबून ओढ कशी वाढणार? अन् कॉन्टेसाचं मागचं काचेपाशी एकदम खाली उतरते. छतामागची हवा गढूळ, बुटका पंख तिच्यातच बुडून राहते. 1970 च्या प्लायमाउथ सुपरबर्डचा फोटो पाहा, पंख पार छताच्या वर नेला होता.

मनीषनगर_ट्रॅक
गॅरेजवाल्या काकांचं सगळं मान्य. पण ही तक्रार वाईट पंखाची झाली, पंखाची नाही. बीएमडब्ल्यू 3.0 सीएसएल आठवा. तिचा पंख रेससाठी गरजेचा होता, पण जर्मनीत रस्त्यावर कायद्यानं चालत नव्हता, म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून गाडी द्यायची. बसवायचं काम मालकाचं.

जुनीफियाट_धरमपेठ
घ्या! बनवणाऱ्यांनीच डिकीत ठेवला. 911 ची बदकशेपटी तेवढी सोडली, जा. कॉन्टेसा नाही सोडणार.

तर्रीवाला
डिकीत पंख? म्हणजे आपल्या हेल्मेटसारखंच की. पोलीस दिसला का डोक्यावर, नाहीतर हँडलला.