शिक्का आधी की शिकवणं आधी?

धागालेखिका:
सरकारी शाळेत मूल वाचनात मागे पडलं की 'अध्ययन अक्षम', म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन शिकण्यात मुळातच अडचण असलेलं, हा शेरा फार लवकर मारला जातो, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतला कायदाच बघा. नजर, ऐकणं किंवा घरची गरिबी हे अडचणीचं मुख्य कारण असेल तर ती अध्ययन अक्षमता धरू नये, असं त्याची व्याख्या सांगते. मुलाला वाचायला नीट शिकवलंच गेलं नसेल आणि तेच मागे पडण्याचं मूळ असेल, तर त्याला अक्षम ठरवता येत नाही, हेही २००४च्या कायद्यात आहे. पण भरगच्च वर्गात ही खातरजमा करायला वेळ कुणाकडे आहे? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मुलं जन्मवर्षानुसार शाळेत जातात, म्हणजे डिसेंबरात जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यांत लहान. तिथल्या २०१२च्या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचं) निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त आढळलं. एडीएचडी वेगळी गोष्ट, मान्य. पण वर्गात वयाने लहान असणं हा काही आजार नव्हे!

एक आई:
पूर्ण असहमत. माझा मुलगा धडा घडाघडा म्हणायचा, सगळ्यांना वाटायचं वाचतोय. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प. अख्खा धडा पाठ केलेला! 'आळशी', 'लक्ष देत नाही' हे शिक्के त्याच्यावर आधीच बसले होते, तेही कुठल्याही चाचणीशिवाय. निदान झालं तेव्हा कुठे विशेष शिक्षिका मिळाल्या, परीक्षेत जादा वेळ मिळाला. तुम्ही ज्याला शिक्का म्हणता, त्याच कागदामुळे शाळेला हलावं लागलं.

धागालेखिका:
तुमच्या मुलाला मदत मिळाली याचा आनंदच आहे. पण मदतीसाठी आधी कागद का लागावा? माझा राग आहे तो यावर.

विशेष शिक्षिका:
मी रोज हेच काम करते. जुनी पद्धत बुद्ध्यांक आणि वाचनातली प्रगती यांतली तफावत मोजायची. ती पुरेशी रुंदावेपर्यंत दोन-तीन इयत्ता हातच्या जायच्या, म्हणजे मूल नापास व्हायची वाटच बघायची. २००४पासून अमेरिकेतली राज्यं शाळांवर या तफावतीची सक्ती करू शकत नाहीत. आधी लहान गटात अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवा, दर आठवड्याला प्रगती नोंदवा, तरीही मूल अडलं तर तपासणी करा, हा मार्ग मला पटतो. मात्र पालकांनी तपासणी मागितली तर 'आधी गटात बघू' म्हणून ती लांबवू नये. हेही सर्रास चालतं, आणि ते चूकच आहे.
शिक्क्यापेक्षा मला जास्त खुपतं ते नंतरचं. दर तीन वर्षांनी फेरतपासणी अपेक्षित असते, पण जुनाच अहवाल पुढे सरकवलेला मी पाहिलाय. मूल केव्हाच वाचू लागलेलं असतं आणि तरी वेगळ्या खोलीतच बसतं.

एक आई:
फेरतपासणीचं शंभर टक्के पटलं. पण गटातलं शिकवणं सुरू होईपर्यंत आमच्या हातातला कागद काढून घेऊ नका. आमच्या शाळेत तसा गटच नाही. मग मी माझ्या मुलाला कुठे बसवू?